गव्हामागे ‘विराट’ मूग: बियाणं कुणी घ्यावं, कुणी नाही

कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेचा ‘विराट’ (आयपीएम २०५-७) विकत घ्यायचा तो त्याच्या दिवसांसाठी. ५२ ते ५६ दिवसांत काढणीला येतो. आपल्याकडचा ‘वैभव’ ७० च्या पुढे जातो. दौंड-इंदापूर भागात गहू मार्चच्या मध्याला निघाला, तरी रान ओलवून वापसा (पेरणीजोगी ओल) येईतो २५ तारीख उजाडते. तिथून ‘विराट’ मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरात येतो. ‘वैभव’ तेव्हाही रानातच असतो, आणि वळीव झोडपून गेला की पिकल्या शेंगेतच दाण्याला मोड येतात. एप्रिलचा पहिला आठवडा ओलांडला असेल तर ‘विराट’च्याही वाटेला जाऊ नका.

पिशवीला निळा टॅग हवा. प्रमाणित मुगाची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. तरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चौथ्या दिवशी मोजाच. न फुगलेले गणंग कोंब फुटलेल्यांत धरू नका.

बियाणं एकरी ८ ते १० किलो. खरिपाच्या सवयीने पाच-सहा किलोवर भागवलं की फसतं, कारण उन्हाळ्यात झाड खुजं राहतं, ओळी मिळत नाहीत आणि मधलं रान तणाला मिळतं. म्हणून दोन ओळींत ३० ऐवजी २२ ते २५ सेंमी पुरे. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी मित्रबुरशी) आधी चोळा, मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू), सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. डीएपी खत एकरी ४० किलो, बियाण्याखाली पडावं. वर युरिया देऊ नका. पाला माजतो, शेंग कमी लागते.

खरी मेख पाण्याची. ८-१० दिवसांनी पाळी लागते, आणि फुलोरा व शेंगा भरताना ती चुकली की फुलं गळतात. नुसत्या कालव्याच्या आवर्तनावर हे जमत नाही, विहीर-बोअर हवीच. उलट शेंगा भरल्यावरही पाणी देत राहिलात तर झाड पुन्हा फुलतं आणि एकदम पक्व होण्याचा या वाणाचा फायदाच जातो.

पिवळ्या मोझॅकला (पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग) ‘विराट’ चांगला तग धरतो, फुलकिड्यांना नाही. कळी लागताच फुलं पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. बारीक किडे पळताना दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क लगेच मारा.

पाणी-पाळी सांभाळली तर एकरी चार क्विंटलची अपेक्षा रास्त. मध्य प्रदेशात नर्मदापुरमकडे हार्वेस्टर घालण्यासाठी तणनाशक मारून उभं पीक सुकवतात. ते इथे आणू नका, मूग माणसं खातात. दोन तोडण्या करा आणि हिरवा पाला असतानाच रोटाव्हेटर फिरवा. वाळलेलं काड गाडलं तर ते लवकर कुजत नाही.