अंतहीन स्क्रोल, पानांचे क्रमांक की ‘आणखी दाखवा’?

लेखांची किंवा उत्पादनांची यादी लांब आहे आणि आलेला वाचक पहिल्या वीस नोंदींवरूनच निघून जाऊ नये, असं तुम्हाला वाटतं. मग आधी हे ठरवा: तो काही शोधायला येतो की नुसतं चाळायला?

चाळायला येत असेल तर अंतहीन स्क्रोल शोभतो, म्हणजे खाली सरकताच नव्या नोंदी आपोआप येत राहतात. घोटाळा होतो तो वाचक साठावी नोंद उघडून ‘मागे’ दाबतो तेव्हा. यादी पुन्हा पहिलीपासून सुरू होते आणि परत साठपर्यंत उतरण्याचा धीर फार थोड्यांकडे असतो. नव्या नोंदी स्क्रिप्टने आलेल्या असतात, पानाचा पत्ता मात्र तोच राहिलेला असतो, म्हणून हे घडतं. यादीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पत्ता द्या, तुकडा दिसू लागला की ‘रिप्लेसस्टेट’ने (पान पुन्हा न उघडता पत्ता बदलणारी ब्राउझरची सोय) तो पत्ता लावा आणि त्या पत्त्यावर थेट येणाऱ्यालाही तोच तुकडा सर्व्हरवरून मिळू द्या. ‘अनलोड’ हँडलर (पान सोडताना चालणारा कोड) आणि गरज नसलेलं ‘नो-स्टोअर’ हेडरही (पान साठवू नको, ही सर्व्हरची सूचना) काढा. त्यांतलं एक जरी असलं तरी ब्राउझर सहसा पान जसंच्या तसं मेमरीत ठेवत नाही. फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पट्टी, तर हाती लागतच नाही, त्यामुळे संपर्काचा दुवा वर मेनूत न्यावा लागतो.

शोधायला येणाऱ्यासाठी मात्र अंतहीन स्क्रोल नकोच. गूगलने शोधनिकालांत सलग स्क्रोल मोबाइलवर २०२१ मध्ये आणि डेस्कटॉपवर २०२२ मध्ये आणला, आणि २०२४ मध्ये तो काढत असल्याचं जाहीर केलं.

पानांचे क्रमांक दिसायला जुनाट, पण ‘ते चौथ्या पानावर होतं’ हे लक्षात राहतं, दुवा पाठवता येतो, ‘मागे’ बिनचूक चालतं. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळ्या पानांचा कॅनॉनिकल दुवा (मूळ पान कोणतं हे शोधयंत्राला सांगणारा) पहिल्या पानाकडे वळवणं. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच हवा. दुसरी चूक ऑफसेटची, म्हणजे ‘पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस’ असं मोजून मागण्याची: वाचक पहिल्या पानावर असताना वर नवी नोंद आली की सगळं एक घर खाली सरकतं आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर आधी पाहिलेलीच नोंद दिसते. हे तिन्ही पद्धतींत होतं. क्रमांकांच्या यादीत ते चालवून घेता येतं. बाकी दोन्हींत ‘या नोंदीच्या पुढच्या वीस’ असं मागा, म्हणजे शेवटच्या नोंदीची वेळ आणि आयडी धरून.

दोन्ही प्रकारचे वाचक येत असतील तर आमचा कौल ‘आणखी दाखवा’ला. वाचक स्वतः दाबतो, फूटर गाठता येतो आणि बटणाजवळ ‘१२० पैकी ४०’ लिहिलं की किती उरलंय हे कळतं. एक बारकावा फार कामाचा आहे: क्लिकनंतर ५०० मिलिसेकंदांत झालेली मांडणीची हालचाल सीएलएसमध्ये (पानावरची मांडणी अचानक किती हलते याचं गूगलचं माप) धरली जात नाही, स्क्रोलला ही सवलत नाही. सर्व्हर हळू असेल तर क्लिक होताच नव्या नोंदींच्या उंचीची रिकामी जागा उघडा आणि चित्रांना रुंदी-उंची द्या. बटण खरा दुवा असू द्या, कारण गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बटणं दाबत नाही, दुवे पाळतो. नोंदी आल्यावर कीबोर्डचा फोकस पहिल्या नव्या नोंदीवर न्या. तसं न करता बटण काढून टाकलं तर कीबोर्ड वापरणाऱ्याची जागाच हरवते.

बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडू नका. जीए४ मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४, भेटी मोजणारं साधन) १० सेकंदांहून जास्त वेळ, दोन पेजव्ह्यू (पान उघडल्याच्या नोंदी) किंवा एखादी की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) असली की सेशन, म्हणजे वाचकाची एक भेट, ‘एंगेज्ड’ ठरतं. क्रमांकांच्या यादीत दुसरं पान उघडताच ते होतं. अंतहीन स्क्रोलमध्ये पत्ता बदलला नाही तर शंभर नोंदी पाहूनही पेजव्ह्यू एकच, आणि पत्ता बदलला की नुसत्या स्क्रोलनेही आकडा फुगतो. त्याऐवजी एका सेशनमध्ये यादीतून किती नोंदी उघडल्या गेल्या ते मोजा, आणि ‘मागे’ आल्यावर आणखी एखादी उघडली का, हेही.