बायपासनंतर छातीची जखम पिकली, प्लास्टिक सर्जरी डिपार्टमेंटला ४ स्टार

नाव टाकत नाहीये दोन्ही हॉस्पिटलचं, वाद नकोय.

बाबांची बायपास एकदम छान झाली, इको बरा, नवव्या दिवशी घरी. घरी येऊन तीन दिवस होतात तोच टाक्यांच्या खालच्या टोकाला ओलसर ठिपका. ऑपरेशन केलं तिथं दाखवलं तर म्हणाले टाक्याची रिअ‍ॅक्शन आहे, बीटाडीन लावा, पाच दिवसांनी या. पाच दिवसांत बनियन भिजायला लागलं आणि बाबा खोकले की छातीतून कट्ट असा आवाज. आई म्हणाली हाडं वाजतायत की काय तुमची, आणि आम्ही हसलो. खरंच हाडच वाजत होतं हो! बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी बांधतात, आत पू झाला की तारा सैल पडतात आणि दोन्ही भाग एकमेकांवर घासतात.

मग दुसरीकडे गेलो, तर थेट प्लास्टिक सर्जरीवाल्यांनाही बोलावलं. बाबा म्हणाले, आता नाक सरळ करणार का माझं? तिथल्या मॅडमनी जखमेशेजारी हात ठेवून खोकायला सांगितलं, त्याच दिवशी सीटी आणि पूचं कल्चर (कुठले जंतू आहेत ती तपासणी), सकाळी थिएटरमध्ये. तारा काढल्या, खराब झालेलं हाड खरवडलं आणि जखम शिवलीच नाही, उघडी ठेवून व्हॅक लावलं. म्हणजे जखमेत काळा फोम, वर पारदर्शक फिल्म, त्यातून नळी आणि मशीन उणे १२५ मिमी पारा एवढ्या प्रेशरने घाण ओढून डब्यात टाकत बसतं. दर दोन-तीन दिवसांनी फोम बदलायचा. रात्री तीनला फिल्मची कड सुटली की मशीन बोंबलणार, सिस्टर बिचाऱ्या न चिडता नवीन पट्टी लावायच्या, त्यांना वेगळे ५ स्टार.

जखम लाल, स्वच्छ झाल्यावर दुसरं ऑपरेशन, छातीच्या दोन्ही बाजूंचे मोठे स्नायू सोडवून मधे ओढले आणि खड्डा भरला. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं, बाबांना शुगर, त्यात ग्राफ्टसाठी (म्हणजे हृदयाला रक्त न्यायला जोडलेल्या नव्या वाटेसाठी) छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या घेतलेल्या, हाडाला रक्त मुख्यतः त्यांच्यातूनच जातं, म्हणून ते भरून येईना. स्नायू स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येतो, अँटिबायोटिक पण तिथपर्यंत पोचतं. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे एकूण सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

एक स्टार कापला तो बिलिंगसाठी. फोम आणि डबा वेगळे लावले, इन्शुरन्सने त्यातलं बरंचसं कापलं आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो आधी विचारायचं ना. काय विचारायचं, आम्हाला फोम म्हणजे गादीतला माहीत!

छाती मधे जरा वाकडी दिसते, बाबांना फरक पडत नाही. परवा ते जोरात शिंकले तर आई कणकेच्या हातानेच धावत आली आणि छातीला कान लावून बसली.