आजार आधीपासूनचा असेल तर क्रूझचा विमा कोणाचा घ्यावा: जहाज कंपनीचा की बाहेरचा?

क्रूझचं बुकिंग करताना अगदी शेवटी एक चौकोन येतो: आमचा प्रोटेक्शन प्लॅन हवा का? केबिन ठरलेली असते, तारखा ठरलेल्या असतात, आणि हात आपसूक 'हो'कडे जातो. चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसाने तिथे हो म्हटलं तर माझी काही हरकत नाही. पण ज्याच्या हृदयात स्टेंट आहे, जिच्या पर्समध्ये मधुमेहाच्या गोळ्या आहेत, किंवा ज्यांची आई सांगलीला नव्वदीकडे झुकली आहे, त्यांनी तिथे थांबून दुसरा पर्याय, म्हणजे बाहेरच्या विमा कंपनीची पॉलिसी, बघावा असं मला मनापासून वाटतं. आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो आणि मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, वयाचे आहोत. वरच्या तिन्ही गोष्टी आमच्या घरात आहेत. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांना लागू आहे. भारतातून येणाऱ्या आईवडिलांचं शेवटी लिहितो.

आमची क्रूझ सिएटलहून अलास्काची होती, मंडळातल्या काही जोडप्यांबरोबर. विम्याचा विषय निघाला की दोन तट पडायचे, आणि तिसरा आवाज कायम असायचा: "कशाला विमा? मेडिकेअर आहे, क्रेडिट कार्डावरही असतो." आधी तो तिसरा पर्याय बाजूला ठेवतो. मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास काहीच देत नाही. जहाजावर देते ती फक्त जहाज अमेरिकेच्या बंदरात असेल किंवा अशा बंदरापासून सहा तासांच्या आत असेल तेव्हा. मेडिकेअरला पूरक म्हणून घेतात त्या मेडिगॅप नावाच्या खासगी विम्याच्या जी किंवा एन सारख्या प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो, पण २५० डॉलर आपण भरल्यावर, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच. कार्डावरच्या विम्यात उपचारांची रक्कम सहसा अगदी थोडी असते आणि आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. सांधेदुखी सोडली तर काही नाही अशांना हे पुरेल. आम्हाला पुरणारं नव्हतं.

अलास्काच्या बाबतीत खरा प्रश्न रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवण्याचा असतो. जहाजावर डॉक्टर असतात, ईसीजी निघतो, सलाइन लागतं, रक्त तपासतात, प्रकृती स्थिर करतात. अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच जात नाही. विमानाने जा नाहीतर बोटीने. रुग्ण गंभीर असला तर पुढच्या उपचारांसाठी बहुतेक वेळा हवाई रुग्णवाहिकेनं सिएटल किंवा अँकरेज गाठावं लागतं, आणि तो खर्च हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजतात. म्हणून पॉलिसी हातात घेतली की मी हलवण्याच्या खर्चाची मर्यादा आधी बघतो आणि सामान हरवलं तर किती मिळेल ते सगळ्यात शेवटी. जहाज कंपन्यांच्या प्लॅनमध्ये उपचारांसाठी सहसा १० ते २५ हजार डॉलर आणि हलवण्यासाठी २५ ते ५० हजारांच्या आसपास असतं. बाहेरच्या चांगल्या पॉलिसीत उपचारांना एक लाख किंवा जास्त आणि हलवण्याला अडीच लाख ते दहा लाख डॉलर सहज मिळतात.

तरीही जहाज कंपनीच्या प्लॅनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. त्याचा दर बहुतेक ठिकाणी वयावर नसतो, भाड्यावर असतो. पंचाहत्तरीच्या माणसाला तोच दर, पंचवीसच्या नातवालाही तोच. तो शेवटचा हप्ता भरेपर्यंत घेता येतो, म्हणजे आजच ठरवा अशी घाई नसते. आणि कुठल्याही कारणाने रद्द केलं तरी भाड्याचा मोठा भाग परत मिळतो, असं त्यांचे बरेच प्लॅन सांगतात. मिळतो तो मात्र पुढच्या क्रूझच्या क्रेडिटच्या रूपात. ते क्रेडिट सहसा ठराविक मुदतीत वापरावं लागतं आणि बहुधा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हृदयाच्या त्रासामुळे जो यंदा जाऊ शकला नाही, तो पुढच्या वर्षी जाईलच असं धरून दिलेले ते पैसे आहेत. आजारी माणसासाठी रोख पैसे आणि क्रेडिट यांत फार अंतर आहे.

पण माझा निर्णय क्रेडिटमुळे झाला नाही. तो एका गोळीमुळे झाला.

बुकिंगच्या काही आठवडे आधी डॉक्टरांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी केला होता. वजन उतरलं होतं, रोजचं चालणं जमलं होतं, आकडे छान येत होते. घरात सगळ्यांना आनंद झाला. विम्याच्या भाषेत मात्र ही वेगळीच बातमी होती. आधीपासूनचे आजार वगळणाऱ्या पॉलिसीत एक मागे बघण्याचा काळ असतो, सहसा पॉलिसी घेण्याआधीचे ६० ते १८० दिवस. त्या काळात नवं लक्षण दिसलं, तपासणी सांगितली गेली, उपचार झाले किंवा औषध बदललं, तर तो आजार आधीपासूनचा म्हणून वगळतात. तीच गोळी त्याच प्रमाणात चालू असेल तर चालतं. प्रमाण बदललं तर चालत नाही, आणि बऱ्याच पॉलिसींत वाढवलं काय, कमी केलं काय, दोन्ही बदलच. म्हणजे तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी औषध कमी केलं, आणि त्याच कारणाने माझं हृदय विम्याच्या बाहेर गेलं.

मी जहाज कंपनीला फोन केला. पहिल्या बाईंनी फार प्रेमाने सांगितलं, काळजी करू नका. त्यांना म्हटलं, हेच लिहून द्याल का? त्यांनी फोन विमा चालवणाऱ्या विभागाकडे दिला. तिथल्या गृहस्थांनी कलम वाचून दाखवलं आणि म्हणाले, याचा निर्णय क्लेम आल्यावर होईल. मी पुन्हा विचारलं, माझी गोळी कमी झाली आहे, हे आत्ता सांगतोय, तरी? उत्तर तेच. त्यांचा काही दोष नाही, नियम तसा आहे. पण ज्याला आजार आहे त्याला हे उत्तर प्रवासाआधी हवं असतं. जुनोच्या दवाखान्यात झोपल्यावर ते मिळून उपयोग काय? तिथे माझं मन त्या प्लॅनवरून उतरलं.

बाहेरच्या पॉलिसीत याला उपाय आहे, त्याला वेव्हर म्हणतात. आधीपासूनचे आजार वगळायची अट कंपनी तुमच्यापुरती सोडून देते. मग मागचे दिवस मोजण्याचा प्रश्न राहत नाही, गोळी कमी झाली की वाढली हे कोणी बघत नाही. बदल्यात ते काही गोष्टी मागतात. सहलीसाठी पहिले पैसे भरल्यापासून ठराविक दिवसांत पॉलिसी घ्यायची. बहुतेक ठिकाणी हे १४ ते २१ दिवस असतात, काही ठिकाणी शेवटच्या हप्त्यापर्यंत मुभा असते. परत न मिळणारा सगळा खर्च विम्यात धरायचा, म्हणजे क्रूझचं भाडं, सिएटलची विमानं, आधीच्या रात्रीचं हॉटेल, बंदरावरच्या सहली. आणि पॉलिसी घेतली त्या दिवशी प्रवासाला तब्येत योग्य असली पाहिजे. ही शेवटची अट मी हलकी धरली नाही. डॉक्टरांना सांगून त्या आठवड्यातच माझ्या फाइलमध्ये तशी एक ओळ लिहून घेतली. त्यांना दोन मिनिटं लागली.

या पर्यायातला त्रास म्हणजे घड्याळ. आमच्या मंडळात सहलीचा इसार आधी गोळा होतो आणि जहाजाचं नक्की महिनाभराने ठरतं. मी विमा कंपनीला विचारलं, हा इसार पहिले पैसे धरायचे का? हो म्हणाले. आणि परत मिळणारा असला तरी? तरीही हो. म्हणजे जो 'नक्की झाल्यावर बघू' म्हणेल, त्याचे दिवस तोवर संपलेले असतात. ग्रुपने जात असाल तर इसार दिल्याची तारीख कागदावर ठेवा आणि त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या. पुढे एखादी सहल किंवा विमान वाढलं तर तेवढी रक्कमही ठराविक दिवसांत पॉलिसीत घालावी लागते, नाहीतर वेव्हर अडचणीत येऊ शकतो. हे सगळं लक्षात ठेवणं किचकट आहे, मान्य. प्रीमियमही वयाप्रमाणे वाढतो. आमच्या वयाला बाहेरची पॉलिसी जहाज कंपनीच्या प्लॅनपेक्षा चांगलीच महाग पडली. पण घेतल्यावर सहसा किमान दहा दिवस वाचून परत करायची मुभा मिळते. मी ती पूर्ण वापरली आणि आपल्या राज्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचली. मजकूर राज्याप्रमाणे बदलतो.

आता सांगलीची गोष्ट. आपल्यातल्या बहुतेकांनी विमा घेताना स्वतःचे आजार मोजलेले असतात. आईचे कोण मोजतं? पण सहल रद्द होण्याची शक्यता माझ्या हृदयापेक्षा तिच्या तब्येतीमुळे जास्त होती. तिला वर्षानुवर्षं मधुमेह आहे, मूत्रपिंडं नाजूक आहेत, दर महिन्याला काहीतरी औषध बदलतं. बऱ्याच पॉलिसींत वगळण्याचं कलम प्रवासाला न येणाऱ्या जवळच्या नातेवाइकांच्या आजारालाही लागू असतं. म्हणजे रात्री फोन आला, आपण क्रूझ सोडून मुंबईचं विमान पकडलं, तर रद्द केल्याचे पैसे मिळतील की नाही हे तिच्या मागच्या काही महिन्यांच्या औषधांवर ठरायचं. वेव्हर असेल तर तिच्या आजारालाही ती अट लागत नाही. परदेशात राहणाऱ्या, गावी वृद्ध आईवडील असलेल्या मराठी माणसासाठी याहून मोठं कारण मला सापडत नाही. घेण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा: प्रवासाला न येणारी, भारतात राहणारी आई कुटुंबातली सदस्य धरता का? आमच्या कंपनीने हो म्हटलं आणि ईमेलवर कलमाचा क्रमांक दिला.

क्लेमची वेळ आमच्यावर छोटीशीच आली. अलास्कातलं केचिकन बंदर सोडल्यावर बायकोची साखर उतरली, चक्कर आली, आणि जहाजाच्या दवाखान्यात रात्र काढावी लागली. तिथले डॉक्टर उत्तम होते. बिल केबिनच्या खात्यावर लागलं, उतरताना आपल्या कार्डावरून गेलं. तिथे कुठलाच विमा थेट पैसे भरत नाही, आधी आपण द्यायचे आणि मग मागायचे. निघताना डॉक्टरांचा अहवाल, सविस्तर बिल आणि पैसे भरल्याची पावती घेतली. आमच्या कंपनीने पॉलिसी आणि इसाराची तारीख तपासली आणि पैसे दिले. आमच्याच ग्रुपमधल्या एका मित्राने जहाज कंपनीचा प्लॅन घेतला होता आणि त्याला छातीत दुखल्यामुळे तपासून घ्यावं लागलं होतं. त्याच्याकडे घरच्या डॉक्टरांच्या मागच्या नोंदी मागितल्या, त्यावर पत्रव्यवहार झाला, आणि बऱ्याच उशिराने का होईना, पैसे मिळाले. त्याच्या औषधात बदल नव्हता म्हणून मिळाले, असं तो स्वतःच म्हणतो. दोन माणसांवरून नियम काढू नये हे खरं, पण मी त्याच्या जागी असतो तर पत्रं लिहीत बसलो असतो.

तेव्हा मी कोणाला जहाज कंपनीचाच घ्या म्हणेन? ज्यांचे वेव्हरचे दिवस निघून गेले आहेत, औषध दीर्घकाळ तेच आहे, मेडिगॅप जवळ आहे, आणि दरवर्षी क्रूझला जाण्याची सवय आहे, त्यांना. क्रेडिट त्यांच्या कामी येतं. मात्र हलवण्याची रक्कम कमी वाटली तर फक्त त्यासाठीची वेगळी पॉलिसी मिळते, ती जोडून घ्यावी. बाहेरची घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: हलवण्याचा निर्णय त्यांच्या मदत केंद्राला फोन करून घ्यायचा असतो. आपणच विमान ठरवलं तर पैसे अडकू शकतात. तो नंबर माझ्या आणि बायकोच्या, दोघांच्याही फोनमध्ये होता.

राहिले भारतातून आलेले आईवडील. वर सांगितलेल्या वेव्हरच्या पॉलिसी बहुतेक अमेरिकेत राहणाऱ्यांनाच मिळतात. आईवडिलांसाठी मुलं इथे घेतात त्या पाहुण्यांच्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार अचानक उसळला तरच खर्च मिळतो, तोही २४ तासांच्या आत उपचार घेतले तर, आणि वय वाढेल तशी रक्कम उतरते. भारतातून घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी आधीपासूनचा आजार वगळतात किंवा फक्त जिवावर बेतलं तरच खर्च देतात, आणि त्या सहसा निघण्याआधीच घ्याव्या लागतात. दोन्हीकडे क्रूझ चालते का आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी विचारून घ्या. आणि सिएटलहून निघणारं अलास्काचं जहाज सहसा कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतं, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला १८८६ च्या अमेरिकी कायद्याने मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर असाल आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड नसेल तर कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि व्हिसा नसल्यामुळे चढू दिलं नाही तर त्याचे पैसे सहसा कुठलाही विमा देत नाही.