फोटो मेकॅनिक : निवडीच्या कामातला वेग
लग्नाच्या 3,000 छायाचित्रांतून कामाची 400 वेगळी काढताना खरा वेळ रंगसंस्कारात नव्हे, तर प्रत्येक रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) पडद्यावर स्पष्ट होण्याची वाट पाहण्यात जातो. कॅमेरा बिट्स कंपनीचे ‘फोटो मेकॅनिक’ हे सॉफ्टवेअर रॉ फाइलवर प्रक्रिया करत न बसता तिच्यात कॅमेऱ्यानेच साठवलेली जेपीईजी प्रतिमा थेट दाखवते, त्यामुळे कळ दाबताच पुढचे छायाचित्र समोर येते. क्रीडाछायाचित्रकारांना त्यातील ‘कोड रिप्लेसमेंट’ विशेष उपयोगी पडते. खेळाडूचा ठरावीक संकेत टंकला की कॅप्शनमध्ये त्याचे पूर्ण नाव उमटते, अर्थात यादी आधी नीट तयार केलेली असेल तरच. येथे छायाचित्रांना पसंतीनुसार दिलेले तारे लाइटरूम या अडोबीच्या छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअरलाही वाचता येतात. मात्र केवळ निवडीसाठी वेगळे पैसे मोजणे हौशी माणसाला जडच जाईल.