पेटीची सवय असलेल्या हातांना यामाहा पी-45: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोठेपणी पियानोकडे वळणारे आपल्याकडचे बरेच जण पेटीवरून आलेले असतात. सूर कळतो, उजवा हात चालतो, म्हणून पियानो सोपा जाईल असं वाटतं. यामाहाचा पी-45 हा डिजिटल पियानो रोज वापरल्यावर मत असं झालं: नवशिक्यासाठी वाद्य पुरेसं आहे, घाम काढतो तो डावा हात आणि चुकीची बैठक.

पट्ट्या 88, हॅमर ॲक्शनच्या (खऱ्या पियानोसारखं वजन देणाऱ्या), खर्जाकडे जड आणि वर जाताना हलक्या होत जाणाऱ्या. पेटीत आवाजाचा जोर भाता ठरवतो. इथे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर तो ठरतो. त्यामुळे पेटीवाल्याचं वादन आधी सपाट तरी येतं नाहीतर धडधडीत. टच सेन्सिटिव्हिटी (पट्टीच्या वेगाला आवाज किती दाद देतो ते ठरवणारं सेटिंग) ‘मीडियम’वर राहू द्या. ‘फिक्स्ड’ केलीत तर सगळे सूर एकाच जोराचे, मग हॅमर ॲक्शनला पैसे कशाला मोजले? पांढऱ्या पट्ट्या गुळगुळीत आहेत, मे महिन्यात बोट सरकतं. रुमाल जवळ ठेवा.

आता डावा हात. सी मेजर (सीपासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक) वर जाताना उजव्याची बोटं 1-2-3-1-2-3-4-5, डाव्याची 5-4-3-2-1-3-2-1 (अंगठा म्हणजे 1). सी हा सा धरला तर उजव्याचा अंगठा ‘म’ला खालून येतो आणि डाव्याचं मधलं बोट ‘ध’ला वरून. वळणं वेगवेगळ्या जागी पडतात, म्हणून दोन्ही हात एकत्र लावले की गाडी नेमकी तिथेच अडते. यावर उपाय म्हणजे आधी उलट्या दिशेने वाजवणं: दोन्ही अंगठे मधल्या सीवर, उजवा वर, डावा खाली. यात दोन्ही हातांचे अंगठे एकाच वेळी वळतात. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून हे स्वच्छ आलं की मगच हात एका दिशेने न्या.

पियानो डायनिंग टेबलावर ठेवू नका. टेबलच साधारण 75 सेंमी, त्यावर वाद्याची उंची. खांदे वर उचलले जातात आणि मनगट दुखू लागतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. स्टँड पक्का घ्या, बसायला उंची बदलणारं स्टूल. एक्स आकाराचा स्वस्त स्टँड डुलतो, शिवाय गुडघ्यांना आडवा येतो.

सोबत येणारं पेडल (सूर लांबवणारं) हलकं आहे, फरशीवर पुढे पळतं. खाली रबरी मॅट घाला. अर्धं दाबण्याची सोय त्यात नाही, हवी असेल तर यामाहाचं एफसी3ए पेडल वेगळं घ्यावं लागतं. पियानो चालू करताना पेडलवर पाय नको. तीच स्थिती ‘न दाबलेली’ समजली जाते आणि पेडल उलटं चालू लागतं. बंद करून पाय काढून पुन्हा चालू केलं की ठीक होतं.

हेडफोनचं भोक मोठं, 6.3 मिमीचं. साध्या हेडफोनला कन्व्हर्टर लागतो. ब्लूटूथ नाही, आणि सरावाला त्याचं दुःखही नको. ब्लूटूथवर सूर उशिरा कानावर येतो. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची ठकठक स्टँडमधून खालच्या मजल्यावर जाते, तेव्हा रात्री स्टँडखालीही जाड मॅट हवी. बॅटरीची सोय नाही. लाइट गेली की सराव बंद.

काळी एकच्या गायकाला साथ करायची तर ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) +1 करून सीमध्ये वाजवता येतं. वेळ मारून नेण्यापुरतं बरं आहे, एरवी काळ्या पट्ट्यांशी ओळखच होत नाही.

2023 मध्ये पी-145 हे पुढचं मॉडेल आल्यापासून पी-45 जुन्या बाजारातही पाहता येतो. घेताना 88 च्या 88 पट्ट्या आधी अगदी हळू, मग जोरात दाबून पाहा. हळू दाबूनही एखादी खणकन वाजली किंवा मध्येच गप्प राहिली, तर आतल्या रबरी कॉन्टॅक्टमध्ये धूळ असू शकते किंवा ते झिजलेले असतात. साफ करायला वाद्य पूर्ण उघडावं लागतं. तो खर्च किमतीतून कमी करायला सांगा.