नव्या पीसीवर विंडोज ७ मख्खन चालतंय? आधी कॅबिनेट उघडून बघा

आमचा डीटीपीचा धंदा. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि डोंगलवरचं, म्हणजे यूएसबीला परवान्याची कळ लावली तरच उघडणारं, जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आमच्याकडे विंडोज ७ वरच धड चालतं, आणि गिऱ्हाइकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली त्याच फॉन्टांत अडकलेल्या. जुनं मशीन बसलं तेव्हा दुकानदाराला एकच अट घातली: मशीन नवं द्या, पण सेव्हन टाकून. "काळजीच नको भाऊ, टेन्थ जेनचा आय५ देतो, मख्खन चालेल." म्हणजे इंटेलच्या दहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर. २८ हजार घेतले, वर 'ओरिजिनल विंडोज'चे दोन हजार वेगळे.

आणि चाललंही मख्खन. प्रॉपर्टीजमध्ये आय५-१०४०० असं ठळक दिसायचं.

पत्रिकांच्या सीझनला फोटोशॉप अडायला लागलं म्हणून डीडीआर४ रॅम मागवली. बसवायला आलेल्या पोराने पट्टी स्लॉटवर धरली, फिरवून धरली आणि म्हणाला, "काका, खाच जुळत नाही. हा डीडीआर३ चा, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमचा बोर्ड आहे." बोर्ड निघाला एच६१ या जुन्या मॉडेलचा. मग पंखा काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसली. खाली कोरलेलं: आय५-३४७०. म्हणजे २०१२ चा माल, चकचकीत कॅबिनेटमध्ये.

मग स्क्रीनवर १०४०० कसं? विंडोज प्रॉपर्टीजमध्ये प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतून) वाचून दाखवते, आणि ते तिथे बदलता येतं. मशीन पुन्हा सुरू केलं की खरं नाव परत येतं, म्हणून दुकानदार पठ्ठ्याने स्टार्टअपला एक छोटी फाइल टाकून ठेवलेली. ती उडवून रीस्टार्ट केलं, ३४७० हजर! सीपीयू-झेड हे प्रोसेसर तपासायचं सॉफ्टवेअर थेट प्रोसेसरकडूनच माहिती घेतं, त्यामुळे ते या थापेला बळी पडलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. सेव्हन सुरळीत चालणं हाच इथे चोरीचा पुरावा होता. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला सपोर्टच दिला नाही. सेव्हनच्या मूळ डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डावर इन्स्टॉल करतानाच कीबोर्ड-माउस मेल्यासारखे होतात. एनव्हीएमई एसएसडी (नव्या धाटणीची वेगवान डिस्क) दिसत नाही. दहाव्या पिढीच्या ग्राफिक्ससाठी सेव्हनचा अधिकृत ड्रायव्हर नाही. जुगाड करणारे करतात, पण कुठे ना कुठे खडा लागतोच. आमच्या मशीनला एकही लागला नव्हता. 'ओरिजिनल विंडोज' म्हणजे अर्थातच क्रॅक. अपडेट बंद करून ठेवलेले. तसेही सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपलेत.

दुकानदाराला जाब विचारला तर म्हणतो, "आय५ सांगितला, आय५ दिला." आणि बिलावर खरंच तेवढंच: 'आय५ पीसी, १ नग'. म्हणून सांगतो, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड नेऊन दुकानातच चालवून बघा; दुकानदार नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. जुन्या सॉफ्टवेअरसाठी सेव्हन लागतच असेल तर विंडोज ११ च्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्याचं नेट तोडून ठेवा. आमचा यूएसबी डोंगल तिथे चालला.

बिलात नसलं तरी 'टेन्थ जेन' त्याने व्हॉट्सॲपवरच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं. ते हाताशी ठेवून ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा स्वतःहून फोन आला: बदलून देतो, वर सात हजार द्या. दिले नाहीत.