ए.सी. गार, कॉइल ‘फुटलेली’ आणि गाडीत तळं

रत्नागिरीच्या पावसात गाडीत पाणी येणं नवीन नाही आणि त्यावर पैसे काढणारेही नवीन नाहीत. पाणी शिरतं एकीकडून, दिसतं भलतीकडेच. त्यामुळे गॅरेजवाला बोट ठेवेल तो पार्ट खराब, असं गपचूप मान्य करावं लागतं. यंदा याच आधारावर मला 22,700 रुपयांचा चुना लागला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सगळ्यांना कळायला हवी.

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागायला लागलं. वरून पुसलं की कोरडं, बोटाने दाबलं की खालच्या फोममधून पचकन पाणी वर. गाडीत कुबट वास, काचा आतून धूसर. गॅरेजवाल्याने कार्पेट उचलूनही पाहिलं नाही. प्रेशर गन आणली, मागच्या दाराच्या फटीवर जवळून फवारा मारला आणि आत आलेले चार थेंब मला दाखवले. “बघा ताई, चारही दारांची रबरं गेलीत.” एवढ्या जवळून गन मारली तर नव्याकोऱ्या रबरातूनही पाणी आत येतं, हे त्याला चांगलं ठाऊक असणार. पाऊस काही गनने पडत नाही! रबरांचे 4,200 झाले.

कार्पेट ओलं ते ओलंच. मग दुसरं निदान निघालं: “कूलिंग कॉइल फुटलीय. डॅशबोर्ड उतरवावा लागेल.” कॉइल, गॅस आणि मजुरी मिळून 18,500. वर गाडीला खालून कोटिंग करून घ्या, असा आग्रह. तो मात्र मी उडवून लावला.

आता ही कॉइलची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठी लूट इथेच होते. ए.सी.च्या कॉइलमध्ये पाणी नसतंच, गॅस असतो. हवेतली वाफ त्या गार कॉइलवर जमते, खाली ठिबकते आणि रबरी नळीतून गाडीखाली पडते. कॉइल फुटली तर गॅस जातो आणि ए.सी. गार करायचं सोडून देतो. माझा ए.सी. तर काचेवर बाहेरून धुकं धरावं इतका गार चालला होता. ए.सी.चं पाणी आत येतं ते बहुतेक वेळा ती नळी कचऱ्याने तुंबल्यामुळे. ती साफ करायला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. ए.सी. चालू असताना गाडीखाली थेंब पडतायत ना, एवढं बघितलं तरी अर्धी शंका मिटते. आत आलेलं पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन गार ठेवणारं कूलंट, तो हीटरचा वेगळा आजार आहे.

गाडी परत मिळाली ती नेमकी उघडीप असताना. साहजिकच सगळं कोरडं. पुन्हा पाऊस लागला आणि या वेळी पायाखाली चक्क तळं साचलं.

शेवटी नवऱ्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या डेंटर काकांकडे गाडी नेली. त्यांनी पैशाचं नावही न काढता आधी पाण्याचा पाइप मागितला. धार अगदी हळू सोडली. मला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि खालून वर येत एकेका जागेवर पाणी सोडत गेले. दारं कोरडी. समोरच्या काचेच्या कडा कोरड्या. वायपरखालच्या काळ्या जाळीवर धार धरली मात्र, ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टपटप सुरू.

काकांनी वायपर काढले, जाळी उचलली. आमची गाडी चिंचेखाली उभी असते. चिंचेची बारीक पानं त्या जाळीतून सहज खाली जातात. आत कुजून चहाच्या चोथ्यासारखा लगदा झाला होता. काचेवरून ओघळणारं पाणी जाळीखालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे निघून जातं. भोक तुंबलं की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरतं. पण लगदा काढूनही डावीकडचं पाणी हलेना. काकांनी बोट घालून पाहिलं, तर भोकात पांढऱ्या सिलिकॉनचा गोळा. कुणीतरी ‘लीकेज’ समजून पाणी जायची वाटच बुजवली होती! गाडी नवी घेतल्यापासून तिथे हात लागला तो त्याच गॅरेजचा. स्क्रूड्रायव्हरने गोळा उचकटला तसं पुढच्या चाकामागून भसकन पाणी खाली आलं.

मग आम्ही बाकीचंही तपासलं. ए.सी.चा फिल्टर ओढून काढला की त्या फटीतून आमच्या गाडीत कॉइल दिसते. ‘नव्या’ कॉइलवर करड्या धुळीचा नमदा बसलेला. आणि मागच्या दाराच्या ‘नव्या’ रबरावर लेकीने गेल्या दिवाळीत सांडलेल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, तस्साच. जुन्याच रबरांवर चकाकीचा स्प्रे मारला होता.

कार्पेट आणि फोम काढून उन्हाची वाट बघत वाळवावा लागला. वरून हेअर ड्रायर फिरवून भागत नाही. खाली वायरिंगचे जोड असतात, ते गंजले की विजेची दुखणी सुरू होतात. तुमचं पाणी दुसरीकडूनही येत असेल: सनरूफ असेल तर कोपऱ्यातल्या नळ्या, पॉवर विंडोचं काम झालं असेल तर दाराच्या पॅडमागचा फाटलेला प्लॅस्टिकचा कागद, डिकीत असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केटं. कुठलंही असो, धार सोडून जागा दाखवल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाब विचारायला गेले तर “ताई, गाडी जुनी झाली, पाणी येणारच.” पक्कं बिल मागूनही दिलं नव्हतं. व्हिजिटिंग कार्डामागे लिहिलेला हिशोब आणि यूपीआयची नोंद एवढंच हातात होतं. तेवढ्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नेलपॉलिशचा फोटो पाठवल्यावर रबरांचे पैसे मुकाट परत आले. कॉइलचे येईनात, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेले. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही, वकील हवाच असं नाही, फक्त 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. काकांनी काय पाहिलं ते लिहून सही करून दिलं, फिल्टरच्या फटीतून काढलेले फोटोही जोडले. नोटिशीला गॅरेजवाल्याचं उत्तर आलंय: जुनी कॉइल भंगारात दिली. नवी कुठे बसवली, ते मात्र लिहिलेलं नाही.